राहिलेल्या रोज्यांचा हिशेब



या सदरात आपण बी-बियाणे, खत, कीड आणि पाणी यांविषयी बोलतो. आज एका वेगळ्या थकबाकीविषयी लिहितो. ती सोसायटीची नव्हे आणि सावकाराचीही नव्हे. रमजानमध्ये काही अडचणीने जे रोजे सुटतात ते पुढे भरून द्यावे लागतात. त्यांना कजा रोजे म्हणतात. दिग्रस, आर्णी, दारव्हा, पुसद, उमरखेड या बाजूला फिरताना मुसलमान शेतकऱ्यांच्या घरी हा विषय निघतो, आणि तो बहुधा बायकाच काढतात. "साहेब, दुसरा वेचा कधी येईल ते सांगा, म्हणजे मधल्या दिवसांत माझे रोजे उरकून घेते," असे एका भाभींनी विचारले, तेव्हा हा प्रश्न अर्धा मौलवींचा आणि अर्धा आपल्याच खात्याचा आहे हे ध्यानात आले.

मी आलिम नाही आणि फतवा देणे हे माझे काम नव्हे. आपल्या भागातील बहुतेक मुसलमान हनफी नियम पाळतात. त्यातले सर्वमान्य तेवढेच येथे देतो. एखाद्या घरची अडचण निराळी असेल तर गावच्या इमामसाहेबांना विचारावे. वावरातले काम आणि रोजा यांची सांगड कशी घालावी, एवढे मात्र मी अधिकाराने सांगू शकतो.

ज्यांच्या घरी रोजे नसतात त्यांनीही पान उलटू नये. रमजान असला की सगळ्या गावाला माहीत असते. कोणी मजुराला दुपारी पाणी घे म्हणून आग्रह करीत नाही, मुकादमही थोडे सांभाळून घेतो. कजा रोजा मात्र एकटीचा असतो. तुमच्या पऱ्हाटीत वेचायला आलेल्या बाईचा आज रोजा असेल तर ती सांगणार नाही. सांगितले तर "का सुटला होता?" हा प्रश्न येईल, आणि त्याचे उत्तर बाई चारचौघांत देऊ शकत नाही.

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. सुटलेल्या दिवसांची संख्या त्याने इतर दिवसांत पूर्ण करावी. एका दिवसाचा एक दिवस, असा साधा हिशेब. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर तीही रोजे सोडू शकते आणि पुढे भरून देते. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव चालू असेपर्यंत तर बाईने रोजा ठेवायचाच नसतो. त्या दिवसांतली नमाज माफ असते, रोजे मात्र माफ नाहीत.

याचा अर्थ असा की घरातल्या धडधाकट पुरुषाचे रमजानचे सारे रोजे पुरे होऊ शकतात, पण बायकोकडे दरवर्षी पाच-सात रोजांची बाकी राहते. त्यात दोन-तीन बाळंतपणे आली की बाकी किती फुगते हे तुम्हीच मोजा. रमजानभर पहाटे सर्वांच्या आधी उठून सहरी रांधणारी तीच असते आणि ईद झाल्यावर पुन्हा एकटीने रोजे धरणारीही तीच. पुरुषमंडळींनी एवढे तरी विचारावे, तुझे किती राहिले?

आता नियतीचा मुद्दा. सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. नियत म्हणजे मनाचा निश्चय. ठरावीक अरबी शब्द तोंडाने म्हटलेच पाहिजेत असे नाही. उद्या कजा रोजा धरायचा या विचाराने सहरीला उठले तर तीच नियत झाली. परंतु वेळेचा नियम कडक आहे. रमजानच्या चालू रोज्याची नियत पहाटे राहून गेली आणि काही खाल्ले-प्यायले नसेल, तर दिवसाचा अर्धा भाग सरण्यापूर्वी ती करता येते. कजा रोज्याला ही सूट नाही. त्याची नियत रात्रीच, पूर्वेला पहाटेचा आडवा उजेड पसरण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि हा रोजा कजाचा आहे हेही मनात पक्के पाहिजे.

पुष्कळ भगिनी काय करतात? सकाळी सात वाजता आठवते की अजून चहासुद्धा घेतलेला नाही. मग म्हणतात, चला, आजच एक फेडून टाकू. दिवसभर उपाशी राहतात, संध्याकाळी रोजा सोडतात आणि हिशेबातून एक दिवस कमी करतात. नियमाप्रमाणे तो रोजा नफल, म्हणजे ऐच्छिक ठरतो. त्याचे पुण्य आहे, पण बाकी जशीच्या तशी राहते. ज्यांनी कित्येक वर्षे असेच केले असेल त्यांनी घाबरून जाऊ नये, मौलवींना विचारून हिशेब पुन्हा मांडावा.

रात्री नियत करण्याचा हा नियम मला शेतकऱ्याच्या सोयीचा वाटतो. उद्या वावरात काय निघणार आहे, हे आपण रात्रीच ठरवतो. त्याच वेळी रोज्याचेही ठरवावे. आणि रात्री नियत केली, पण पहाट होण्याआधी कळले की उद्या मळणीयंत्र आपल्याकडे येणार आहे, तर बेत बदलता येतो. पहाट उजाडायच्या आत विचार बदलला तर अंगावर नवे काही चढत नाही.

दोन-तीन वर्षांचे रोजे बाकी असतील तर कोणत्या रमजानचा फेडतो आहोत हे मनात असावे. ते आठवत नसेल तर 'माझ्याकडे बाकी आहेत त्यांतला पहिला' असा निश्चय करतात. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच, कारण पहिला फिटला की पुढचा पहिला होतो. सगळे रोजे सलग धरण्याची सक्ती नाही. आठवड्याला एक धरला तरी चालतो. रमजान ईदचा दिवस आणि बकरी ईदपासून चार दिवस मात्र रोजा धरता येत नाही. 2025 साली बकरी ईद 7 जूनला, ऐन मृगाच्या तोंडावर आली होती.

मग धरावे केव्हा? चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतात, इस्लामी कालगणनेत तो नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2016 साली पहिला रोजा 7 जूनला होता, म्हणजे मृग आणि रमजान एकाच दिवशी लागल्यासारखे झाले. 2018 साली तो मे महिन्याच्या मध्याला सुरू झाला. त्या वर्षांत पेरणीत, उन्हाच्या तडाख्यात ज्यांचे रोजे सुटले त्यांतल्या काहींची बाकी आजही असेल. 2025 साली रमजान 2 मार्चला लागला. 2030 साली तर तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा लागेल.

कजा रोजा मात्र आपल्या सोयीचा दिवस पाहून धरता येतो. यवतमाळला जूनच्या मध्याला पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा रोजा पावणेपंधरा तासांच्या आसपास जातो. डिसेंबरात तोच सव्वाबारा तासांचा होतो. अडीच तास कमी, आणि वर थंडी. जूनमध्ये वावरातल्या कामात अंगातले जेवढे पाणी जाते तेवढे डिसेंबरात जात नाही. ईद झाल्याबरोबर एप्रिल-मे महिन्यांत 44-45 अंशांच्या उन्हात कजा उरकण्याची घाई काही जण करतात. फेड लवकर व्हावी हे चांगलेच. पण हनफी नियमात थोडा उशीर झाल्याने दंड पडत नाही, फक्त पुढचा रमजान येण्याआधी बाकी मोकळी करावी असे सांगतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे राहिलेले रोजे रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात होत असत, असे हदीसमध्ये आले आहे. येत्या काही वर्षांत शाबान आपल्याकडे थंडीतच येणार आहे.

तेव्हा दिवाळीनंतर दोन वेच्यांच्या मधले दिवस धरावेत. बोंडे फुटायला अवधी असतो, घरी कामे हलकी असतात. वेचणीच्या दिवशी धरायचाच असेल तर सकाळी लवकर निघून दुपारी परत यावे. दिवसभर वाकून वेचायचे आणि वर डोक्यावर गाठोडे वाहायचे, असा दिवस रोज्यासाठी निवडू नये.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. फवारणीचा दिवस आणि कजा रोजा कधीही एकत्र आणू नका. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात आणि इतरत्र दाखल झाले. त्याचा रोज्यांशी काही संबंध नव्हता. पण त्या वर्षी जे शिकलो ते विसरून चालणार नाही. उपाशीपोटी फवारणी करू नये, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. औषधाचे शिंतोडे अंगावर येतात, घशात उतरतात, वेळोवेळी तोंड धुवावे लागते, पाणी प्यावे लागते. पंप पाठीवर नसला तरी धोका टळत नाही. ड्रममध्ये पाणी आणून ओतणाऱ्या आणि औषध कालवणाऱ्या बायकाच असतात. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईने तर त्या धुऱ्यावर उभेही राहू नये, रोजा असो वा नसो.

थंडीत हा धोका नसतो असे समजू नका. पऱ्हाटीची फवारणी संपत आली की तूर फुलोऱ्यावर येते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पंप पुन्हा बाहेर निघतात. म्हणजे रोज्याला सोयीचे दिवस आणि तुरीच्या फवारणीचे दिवस एकच. म्हणून रात्री नियत करण्याआधी घरधन्याला विचारा, उद्या पंप निघणार आहे का?

आणि तरीही रोजात असताना कोणाला मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना कंप असे काही वाटले, तर सूर्यास्ताची वाट पाहू नये. वावरातून बाहेर आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, औषधाचा डबा किंवा बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. उन्हाच्या झटक्यालाही तेच. अंग तापले, बोलणे बरळल्यासारखे झाले की रोजा सोडून उपचार करावेत. अशा वेळी जीव वाचवणे हे आधी, असे धर्माचे नियमच सांगतात. कजा रोजा मोडला तर त्याबद्दल फक्त एक रोजा पुन्हा धरायचा असतो. सलग साठ दिवसांचा कफ्फारा असतो तो रमजानचा चालू रोजा कारण नसताना जाणूनबुजून मोडणाऱ्यासाठी. हे दोन्ही नियम एकात मिसळल्यामुळे लोक भलत्या भीतीने अखेरपर्यंत ताणतात.

रमजानमध्ये मजुरीला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. काम जड आहे म्हणून रोजा आधीच सोडून द्यावा, असे नियम म्हणत नाहीत. रोजा धरून निघावे आणि जिवावर बेतेल अशी वेळ आली तर सोडावा. त्याची बाकी एकच दिवसाची.

ज्या वृद्धांना किंवा कायमच्या रोग्यांना पुढेही रोजे धरता येण्याची आशा नाही त्यांच्यासाठी फिदिया आहे. दर रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचे जेवण, किंवा तेवढे धान्य अथवा त्याची किंमत. गव्हाचे वजन काही आलिम पावणेदोन किलोच्या आत-बाहेर सांगतात, काही दोन किलोच्या थोडे वर. आपल्या मशिदीत जे सांगितले जाते ते धरावे. फिदिया दिल्यावर माणूस बरा झाला तर मात्र रोजेच धरावे लागतात. तरण्या माणसाने पैसे देऊन मोकळे व्हावे, अशी ही सोय नाही. मुलाने बापाच्या वाटचे रोजे धरावेत हेही हनफी नियमात चालत नाही. मधुमेहाच्या रोग्याने, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्याने, रमजानचा रोजा असो की कजा, आधी डॉक्टरांना दाखवून मगच ठरवावे. "मागच्या वर्षी काही झाले नाही" हे कारण पुरेसे नाही.

हे सदर वाचणारे कोणी कोकणातल्या नात्यातले असतील तर त्यांनी ध्यानात घ्यावे की तिकडचे पुष्कळ मुसलमान शाफई नियम पाळतात. त्या नियमाप्रमाणे सबळ कारण नसताना पुढच्या रमजानपर्यंत कजा लांबवली तर रोज्याबरोबर फिदियाही द्यावा लागतो. सून तिकडची आणि सासर इकडचे असेल तर वाद न घालता जाणकाराला विचारावे.

ज्यांच्या बाकीचा आकडाच आठवत नाही त्यांनी जास्तीत जास्त वाटेल तो आकडा धरावा. शेताच्या जमाखर्चाच्या वहीत मागचे एक पान त्यासाठी ठेवावे आणि रोजा पुरा झाला की त्याच रात्री तेथे रेघ ओढावी. वही घरात सर्वांच्या हाताशी असते म्हणून कोणाला संकोच वाटत असेल तर कॅलेंडरच्या पाठीमागे खूण केली तरी चालेल.

पुढील अंकात तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी कशी ओळखावी आणि फवारणीची वेळ कशी ठरवावी, ते पाहू.