गुणाकारांची काटकसर

गर्दींतहि मोबाईलवर आवाज स्पष्ट ऐकूं येतो, याचें श्रेय पुष्कळ पालक केवळ यंत्राच्या वेगास देतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं. अंकांत उतरलेल्या ध्वनींतील निरनिराळे स्वर वेगळे काढून गलका वगळावयाचा, तर गुणाकार करावे लागतात. १,०२४ नमुन्यांस सरळ रीतीनें १०,४८,५७६ गुणाकार पडतात. कूली व टूकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें सुमारें ५,१२०! प्रत्येक गुणाकार वीज खातो. खिशांतील बॅटरी ती किती पुरविणार? म्हणून चिपची आंखणी करणारानें गुणाकार आधीं कागदावर कमी करावे, मग सिलिकॉनकडे वळावें. आमचे विद्यार्थी मात्र उत्तर जुळलें कीं रीत पाहत नाहींत. आणि आम्ही शिक्षकहि त्यांस पुरे गुण देतों.