उसना आकडा, उशिरा केलेला फोन

गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारकडचा झडपेचा रुग्ण येतो, कागदावर सिकलसेलचे ‘एसएस’ दिसते आणि वाक्य ठरलेले असते: ‘एक्स्चेंज करून एस 30 टक्क्यांखाली आणा, मग तारीख देतो.’

या 30 टक्क्यांची परीक्षा 1995च्या अमेरिकी चाचणीत झाली. साधे रक्त देऊन हिमोग्लोबिन 10वर नेलेला गट मागे पडला नाही, उलट रक्तामुळे होणाऱ्या गुंतागुंती त्या गटात निम्म्या होत्या. पण त्या शस्त्रक्रिया बहुतेक पित्ताशय, घसा आणि हाडांच्या. 2013ची टॅप्स चाचणीही कमी-मध्यम जोखमीपुरतीच. हृदयासाठी आपला आकडा उसनाच आहे.

तरी तो सोडा, असे म्हणवत नाही. थंडी, आम्लता, मंदावलेला प्रवाह, क्लॅम्पपुढे अडकलेले रक्त: पेशी वाकायला जे लागते ते सगळे पंपावर एकदम जमते. साधे रक्त इथे पुरत नाही. हिमोग्लोबिन 7, एस 85 टक्के धरा. 10वर नेले तरी एस 60च्या आसपास राहतो, आणि त्यापुढे रक्त घट्ट होते. म्हणून अदलाबदल, आधी वॉर्डात किंवा पंप सुरू होताना: सर्किटमध्ये दात्याचे रक्त भरायचे, रुग्णाचे येणारे पहिले रक्त पिशवीत बाजूला काढायचे. परफ्युजनिस्टला हे आदल्या दिवशी सांगायचे असते, टेबलावर नव्हे.

मला धास्ती वाटते ती वेगळीच. पूर्वी वारंवार रक्त घेतलेल्यांत अँटीबॉडी तयार होतात आणि काही महिन्यांनी चाचणीत दिसेनाशा होतात. क्रॉसमॅच जुळते, झडप उत्तम बसते, आणि आठवड्याभराने हिमोग्लोबिन कोसळते, लघवी काळपट होते. आपण त्याला क्रायसिस म्हणून मोकळे होतो आणि आणखी एक पिशवी लावतो. हायपरहिमोलिसिस असेल तर ती पिशवीच जिवावर उठते.

तेव्हा तारीख देण्याआधी रक्तपेढीला फोन करा. एबीओ-डीपलीकडे सी, ई आणि केल जुळलेले, शक्यतो ताजे रक्त मागा. दाता एएस नाही याची खात्री करून घ्या, विदर्भात हा प्रश्न पुस्तकी नाही. नातेवाइकांच्या पिशवीतल्या जुन्या चिठ्ठ्याही पाहा, पूर्वी रक्त कुठे घेतले ते त्यांतच सापडते. आणि अशा रुग्णाची शस्त्रक्रियेआधीची व नंतरची एचपीएलसी तुमच्याकडे असेल, तर निकाल वाईट असला तरी आमच्याकडे पाठवा. आम्ही छापू.