हरकत हा रोग नव्हे

संपादक महाशय,

मतभेद हीच लोकशाहीची व्याधी होय, असे प्रतिपादन करताना गतांकातील पत्रलेखकांनी पांढुर्ण्याच्या गोटमारीचा जो दाखला दिला आहे, तो मला विपर्यस्त वाटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसावरील झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगाव यांच्यात जी दगडफेक होते, तिने आजवर अनेकांचे प्राण घेतले आहेत, आणि तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु तिचा दोष दोन पक्ष असण्यात नसून, प्रतिपक्षास उत्तर देण्याचे दगडाखेरीज दुसरे साधन तेथे नसते, यात आहे. याउलट याच भागाचे दुसरे उदाहरण पाहा: ऑक्टोबर 2023 मध्ये सौंसर व पांढुर्णा या तहसिली छिंदवाड्यापासून विलग होऊन नवा जिल्हा झाला. अशा हद्दी बदलण्यापूर्वी सरकारने प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात आणि त्यांचा विचार करावा, असे मध्यप्रदेशाच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेचेच फर्मान आहे. कायदाच जेथे विरोध मागून घेतो, तेथे एकमताचा आग्रह धरणारे पत्रलेखक (ते बहुधा सदैव बहुमतात राहिलेले असावेत) हरकतींचे हे अर्ज कोणत्या दफ्तरात बांधून ठेवू इच्छितात?

आपला,
एक वाचक, सौंसर