वीडरचं ऑईल कधी बदलायचं?

मंडळी, या वीकेंडला कोड नाही, इंजिन!

आमच्या जळगाव-धुळ्याकडे कपाशीच्या ओळींतून कोळप्याच्या जोडीला आता पॉवर वीडरही फिरतो. गावी कुणालाही विचारा, "ऑईल कधी बदललं?" उत्तर ठरलेलं, "आजून चांगलं शे ना भो!" पुरावा काय? तर काडी बाहेर काढून बघितलेला रंग.

माझ्या मते रंगावर जाणं चूक आहे. चांगलं ऑईल काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणून ते लवकर काळं होतं. उलट पातळ झालेलं, दमलेलं ऑईल डोळ्यांना कळत नाही. (दुधाळ दिसलं तर मात्र पाणी शिरलंय, लगेच बदला.)

मग मोजायचं काय? तास! होंडाच्या जीएक्स १६० सारख्या फोर स्ट्रोक इंजिनाचं पुस्तक सांगतं : पहिलं ऑईल २० तासांनी किंवा महिन्याने, पुढे दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, जे आधी होईल ते. गवत कापायच्या यंत्रांच्या लहान इंजिनांना तर ५० तास, आणि जड काम किंवा कडक ऊन असेल तर २५, अशीही अट असते.

आता आपला हिशोब करू. बाईक ताशी ५० ने ५० तास चालली तर २,५०० किलोमीटर होतात. बाईकचं ऑईल आपण तीनेक हजारांना न चुकता बदलतो. वीडरमध्ये ऑईल जेमतेम ०.६ लिटर, बहुतेकांना ऑईल फिल्टर नाही, थंड करायला फक्त हवा. वर काळ्या मातीची धूळ, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास. म्हणून माझं मत : आपल्याकडे १०० विसरा, ५० धरा. उन्हाळ्यात त्याच्याही आधी. रोज ७ तास काम म्हणजे आठवडाभरातच ५० भरतात!

"चालतंय ना, मग कशाला हात लावता?" हे वाक्य आमच्या ऑफिसातही रोज ऐकू येतं. पण सर्व्हर रीस्टार्ट होतो, जाम झालेला पिस्टन होत नाही. आणि तो जाम होणार ऐन निंदणीत, जेव्हा मजूरही मिळत नाही. लिटरभर ऑईलचे काही शे रुपये वाचवायचे आणि तण कपाशीच्या डोक्यावर जाऊ द्यायचं, हा कुठला व्यवहार?

त्यात वीडर दोन-तीन भावांत एकच असेल, तर तास कुणीच मोजत नाही. उपाय सोपा आहे. दुधाचे खाडे मांडतो तसे कॅलेंडरवर तास मांडा. ज्याच्या पाळीत ५० भरतील, त्याने ऑईल बदलायचं. इंजिन गरम असतानाच जुनं काढा, म्हणजे गाळही निघतो. फक्त ते विहिरीजवळ ओतू नका.

एक खुलासा : टू स्ट्रोक ब्रश कटरला हे लागू नाही, त्याचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतात.

बैल दमला की मान टाकतो, पोळ्याला त्याला सुट्टीही मिळते. यंत्र बिचारं काहीच बोलत नाही. त्याचे तास आपणच मोजायचे.