योजनेत कोंबड्या मिळाल्या, पण पाण्याचं भांडं कुठं ठेवायचं?

अकोला, अमरावतीत मे महिन्यात पारा 45 च्या वर चढतो, तेव्हा बातमी माणसाच्या उष्माघाताची होते. आंगणातल्या दोन-चार कोंबड्या दुपारी मेल्या तर त्याची बातमी होत नाही. घरची बाई मात्र हिशोब लावते. तेलमिठाचा खर्च त्या अंड्यांवरच चालत असतो.

पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत 25 तलंगा आणि 3 नर, किंवा एक दिवसाची 100 पिल्लं 50 टक्के अनुदानावर मिळतात. योजना चांगली आहे. पण अर्ज, कागदपत्रं, लस यावर जेवढं बोलणं होते तेवढं दाणा-पाणी कुठं ठेवावं यावर होत नाही. नुकसान बरेचदा तिथंच होते.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, त्यातून अंगातलं पाणी जाते. एरवी मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट लागते. म्हणजे दहा कोंबड्यांना पाच लिटर धरा. पाणी उन्हात तापलं की ती पीतच नाही. सकाळी सावलीत ठेवलेलं भांडं दुपारी उन्हात येते हे आपण विसरतो. दुपारची सावली भिंतीच्या पूर्वेला पडते, म्हणून भांडं तिकडं किंवा निंबाखाली ठेवा. टिनाखाली नको, तिथं भट्टी असते. मातीचं पसरट भांडं उत्तम. ते विटेवर, कोंबडीच्या पाठीएवढ्या उंचीवर ठेवलं तर माती आणि विष्ठा पडत नाही. पिल्लांसाठी भांडं उथळ, मधात गोटे टाकलेलं, नाहीतर ते बुडतात.

दाण्याचं भांडं पाण्यापासून चार-पाच हात दूर, छपराखाली. दाणा ओला झाला की बुरशी धरते, बुरशीचं विष कोंबडीचं काळीज खराब करते. उन्हाळ्यात दाणा सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर द्या, कारण भर दुपारी पचनाची गरमी अंगावर येते. रात्री उरलेला दाणा उचला. त्याच्यामागं उंदीर येतो, अन् उंदरामागं साप.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यात अडचण वेगळी आहे. बोअरचं खारं पाणी प्यायलं की कोंबडी पातळ हगते, पिल्लं तर टिकतच नाहीत. वान धरणावरच्या 84 खेडी योजनेसारखं गोडं पाणी नळाला रोज येईलच असं नाही. आमच्या इकडच्या एका आजीनं सरळ सांगितलं, "बाप्पा, मानसाले गोडं पानी पुरत नाही, कोंबडीले कोठून द्याव?" प्रश्न खरा आहे. पण दहा कोंबड्यांना अर्धी बादलीच लागते. निदान पिल्लांपुरतं तरी गोडं पाणी बाजूला काढावं. खारपाणपट्ट्यात योजनेतून पक्षी वाटताना पाण्याची सोय आधी विचारली पाहिजे.

दुसरा धोका रानपाखरांचा. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, 2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे. कावळे-बगळे ज्या भांड्यात चोच घालतात तेच भांडं कोंबडीचं असलं तर रोग घरात येऊ शकतो. म्हणून दाणा-पाणी उघड्या आंगणात न ठेवता जाळीच्या नाहीतर छपराच्या आत ठेवा, भांडं रोज घासा. पाखरांसाठी परळ ठेवायचा तर तो वेगळा, दूर. एकदम जास्त कोंबड्या मेल्या तर उकिरड्यावर फेकू नका, हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 वर फोन करा.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक लक्षात ठेवा. औषध कालवलेली बादली कितीही धुतली तरी ती कोंबडीच्या पाण्याला वापरायची नाही.

याला अनुदान लागत नाही. आज दुपारी दोन वाजता आंगणात जा आणि भांड्यात बोट घालून पाहा. पाणी आपल्याला गरम लागलं, तर कोंबडीलाही लागतेच.