पंगतीचा वार

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. त्यावरून सुचलेले चार विचार आज वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें. प्रसंग अगदीं घरगुती आहे. पण ज्या घरांत तो घडूं शकणार नाहीं असें घर आतां विरळाच असेल, म्हणून तो सांगण्यास संकोच वाटत नाहीं.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या काकू. मी व माझी पत्नी. धाकटा भाऊ, त्याची पत्नी व मुलगा. माझा मुलगा, सून व सात वर्षांची नात. सर्वजण एका छपराखालीं, एका चुलीवर राहतों. अजून एकत्र राहतों म्हणून नातलग आमचें कौतुक करतात आणि, खरें सांगावयाचें तर, तें ऐकून आम्हांलाहि थोडी प्रौढी वाटते. एका रविवारीं रात्रीं मी एकटाच जेवत असतां सहज मनाशीं मागच्या महिन्याचा हिशेब केला. नऊच्या नऊ माणसें एका वेळीं जेवावयास बसलीं, असा एकहि दिवस आठवेना. मुलाचें काम अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणें चालतें. पुतण्याला संध्याकाळीं शिकवणीचा वर्ग. सून कचेरींतून परतते तों नात जेवून निजलेली. भावानें रात्रीचें अन्न सोडलेलें. रविवार मोकळा, तर त्या दिवशीं प्रत्येकाची उठण्याचीच वेळ निराळी. मी खेदानें म्हणालों, “काय दिवस आले आहेत! आमच्या लहानपणीं वाईच्या वाड्यांत पंधरा-पंधरा पानांची पंगत बसे. सगळें घर एकत्र जेवत असे.”

काकू पलीकडे वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं हातांतला कापूस खालीं ठेवला नाहीं कीं आवाज चढविला नाहीं. एवढेंच म्हणाल्या, “सगळें घर कुठलें रे? बावीस वर्षें मी त्या वाड्यांत होतें. तुमच्या पंगतीला माझें पान एकदांहि नव्हतें.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

त्या रात्रीं मी ती पंगत पुन्हा आठवून पाहिली. पाट मांडलेले, पुढें रांगोळीची रेघ, केळीचीं पानें. पानाच्या डाव्या अंगास मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या अंगास भाजी. मध्यें भाताची मूद, वरण आणि तूप. आजोबांनीं चित्राहुती घालून आपोष्णी घेतली कीं सर्वांनीं सुरुवात करावयाची. पहिल्या पाटावर आजोबा, मग वडील, काका, कोणी पाहुणा, शेवटीं आम्ही मुलें. बुधवारीं आणखी एक पान असे, तें पाठशाळेंतल्या एका विद्यार्थ्याचें. तो आमच्याकडे वार लावून जेवत असे. ज्यांना ही पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, गरीब विद्यार्थी गांवांतलीं सात घरें धरी, प्रत्येक घरीं आठवड्याचा एक वार. अशा रीतीनें त्याचे सातहि दिवस निभावत. या पद्धतीवर महाराष्ट्रांतल्या किती तरी पिढ्या शिकल्या. आमच्या घरांत आठवड्याचें म्हणून ठरलेलें असें एकच पान होतें, आणि तें परक्या मुलाचें होतें. त्याला तें मिळत होतें याचा आनंदच आहे. परंतु आजी, आई, काकू, घरांतल्या दोन विधवा आत्या यांच्यापैकीं एकीचेंहि पान त्या ओळींत मला आठवलें नाहीं. मीं त्यांना जेवतांना पाहिलेंच नव्हतें. आम्ही सुपारी चघळीत झोंपाळ्यावर बसलेले असतांना आंत भांड्यांचे आवाज येत, तेव्हां त्या जेवीत असाव्यात.

या व्यवस्थेला कारणें होतीं. स्वयंपाक सोंवळ्यांत व्हावयाचा, वाढणेंहि सोंवळ्यांतलें. वाढणारी मधेंच जेवावयास बसली तर तें मोडलें. हें सोंवळें पूर्वीं घरोघरीं किती कडक असे, हें ज्यांनीं लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचलीं असतील त्यांस सांगावयास नको. शिवाय अन्न गरम वाढलें पाहिजे, चूल जमिनीवर, तिच्यापुढून उठणें-बसणें सोपें नाहीं. एकीनें रांधावें, दुसरीनें वाढावें, सर्वांत धाकट्या सुनेनें मागचें आवरून शेवटीं बसावें. उरलें तें तिच्या वाट्याला. कोणीहि जाणूनबुजून क्रूर नव्हतें. रोजच्या व्यवस्थेचा हाच तर दोष असतो: तींत कोणाचाच अपराध दिसत नाहीं.

त्या पंगतीचे गुणहि नाकारतां येत नाहींत. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आपल्या भाषेंत निंदेचा आहे. एका ओळींत बसलेल्यांना निरनिराळें वाढूं नये, हा त्यामागचा धर्म. पाहुण्याला आणि घरच्या मुलाला तूप सारखेंच पडावयाचें. सर्वांचीं जेवणें आटोपल्यावांचून कोणी उठावयाचें नाहीं, मग आजोबांचे दांत पडलेले असोत कीं लहान मुलाचा घांस तोंडांतच फिरत असो. आपल्यापेक्षां संथ असणाऱ्यासाठीं थांबण्याचा हा धडा रोज दोन वेळां मिळे. पानांत टाकावयाचें नाहीं, हा दुसरा धडा. मात्र पंगतींत गप्पागोष्टी होऊन कुटुंब जोडलें जात असे, अशी जी समजूत आतां रूढ होऊं पाहत आहे ती आमच्या घरापुरती तरी खरी नव्हे. आजोबा मौनानें जेवीत, आणि त्यांच्यापुढें बोलण्याची कोणाची छाती नव्हती. गप्पा व्हावयाच्या त्या मागाहून, ओसरीवर, आणि त्यांतहि पुरुषांच्याच.

मग आठवड्यांतून एकदां सर्वांनीं मिळून जेवावें ही कल्पना आली कोठून? आपल्या जुन्या पंचांगांत आठवड्याचा वार हा बहुधा जेवण्याचा नसून न जेवण्याचा असे: सोमवार एकाचा, गुरुवार दुसऱ्याचा, शनिवार तिसऱ्याचा. मिष्टान्नाचे दिवस तिथीनें ठरत. श्रावणांतल्या शुक्रवारीं सवाष्ण आणि शनिवारीं मुंज्या जेवावयास घालीत. पण तेंहि बाहेरच्याला बोलावणें झालें. रविवार हा घरांत असण्याचा दिवस झाला तो इंग्रजी अमदानींतल्या कचेऱ्यांमुळें व शाळांमुळें. श्रमजीवी लोकांना तर तो मागून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालापासून मुंबईच्या गिरणी-कामगारांसाठीं जी चळवळ केली तिला १८९० सालीं यश आलें, आणि तेव्हां कोठें त्यांना रविवारची सुटी मिळाली. म्हणजे जें साप्ताहिक जेवण हरवलें म्हणून आपण हळहळतों, तें फार तर तीन-चार पिढ्यांपूर्वींचें. पूर्वजांकडून तें आपणांस आयतें मिळालेलें नाहीं. हवें असेल तर तें आपणच घडविलें पाहिजे.

कोणी कोणाबरोबर जेवावें या प्रश्नावर आपल्या समाजानें थोडा वाद घातलेला नाहीं. १८९० सालींच पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे-टिळकांसारख्यांनीं चहा घेतला म्हणून केवढें ग्रामण्य माजलें! पुढें रत्नागिरीस १९३१ सालीं पतितपावन मंदिर उघडलें आणि तेथें जातिभेद मोडून सहभोजनें झालीं; त्यांवरहि अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ लिहिलें गेलें. हे वाद आवश्यकच होते. पण आश्चर्य असें कीं, माजघराच्या उंबरठ्याच्या आंत, एकाच कुळांतल्या माणसांचें सहभोजन होत नाहीं, याबद्दल आपल्या घरांतून कधीं वाद झाल्याचें मला स्मरत नाहीं.

तो प्रश्न अर्धामुर्धा सुटला, तो उपदेशानें नव्हे. ओटा आणि टेबल यांनीं सोडविला. चुलीची शेगडी झाली, शेगडीचा गॅस झाला, स्वयंपाक उभ्यानें होऊं लागला. सोंवळें खुंटीवर गेलें. आणि पाटांच्या जागीं टेबल आल्यावर त्याच्याभोंवतीं पुरुषांच्या शेजारीं स्त्रियांचीहि खुर्ची आली. जुन्या वळणाचे लोक टेबलाला हंसत; परंतु सुनेला सासऱ्यासमोर बसून जेवण्याचा हक्क पुष्कळ घरांत याच लांकडी वस्तूनें मिळवून दिला. मात्र खुर्ची मांडली म्हणजे ती भरतेच असें नाहीं. आमच्याच घरीं पाहिलें, तर तव्यावरची पोळी थेट ताटांत पडावी अशी आम्हां पुरुषांची संवय आहे. ही संवय जोंवर आहे तोंवर घरांतलें एक माणूस ओट्यापाशीं उभेंच राहणार. मग टेबल सागवानी असो कीं संगमरवरी. गरम पोळीचा आग्रह हा साधा दिसतो, पण नऊ माणसांची पंगत तो आठांचीच ठेवतो.

हें आमच्या एका घरापुरतें नाहीं. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें लोकांचा दिवस कशांत जातो याची पाहणी २०१९ सालीं केली. सहा वर्षांवरील व्यक्तींची ही पाहणी होती. स्वतःच्या घरचें बिनमोबदल्याचें काम दिवसाकाठीं शेंकडा सुमारें ८१ स्त्रिया करीत होत्या, पुरुष मात्र शेंकडा २६. जे करीत होते त्यांचा वेळ पाहिला, तर स्त्रियांचीं सरासरी २९९ मिनिटें आणि पुरुषांचीं ९७. पांच तासांची ही चाकरी ज्या घरांत एकाच बाजूला आहे, तेथें ‘आतां रविवारीं सर्वांनीं मिळून जेवूं या’ असें म्हणणें म्हणजे पुष्कळदां तिच्या सुटीच्या दिवशीं तिला मेजवानीचा स्वयंपाक सांगणें होय. घरोघरच्या सुनांना रविवारच्या पंगतीचा उत्साह कां वाटत नाहीं, याचें कोडें पडण्याचें कारण नाहीं.

काकूंच्या त्या एका वाक्यानंतर आम्ही घरांत थोडें बोललों, आणि रविवारची दुपार ठरविली. नियम चारच केले. स्वयंपाक पाळीपाळीनें दोघांनीं करावयाचा, त्यांत एक पुरुष. पदार्थ असे कीं जे आधीं करून ठेवतां येतील: मसालेभात, खिचडी-कढी, वरणफळें, पोळ्या असल्याच तर डब्यांत. भांडीं टेबलाच्या मध्यावर, म्हणजे वाढणारें कोणी उभें नको. भ्रमणध्वनि दुसऱ्या खोलींत. आणि आजोबांच्या पंगतींतला एक नियम जशाचा तसा ठेवला: शेवटच्या माणसाचें होईपर्यंत कोणी उठावयाचें नाहीं.

हा प्रयोग सुरळीत पार पडला असें सांगितलें तर तें खोटें होईल. पहिल्या रविवारीं भावानें डब्यांतल्या पोळीबद्दल कुरकुर केली, आणि माझी पत्नी संवयीनें चार वेळां उठली. चौथ्या वेळीं नातीनें तिचा पदर धरून तिला खालीं बसविलें. काकू बसल्या खऱ्या, पण त्यांचें लक्ष दुसऱ्यांच्या ताटांकडे. कोणाला काय हवें तें त्या सांगत राहिल्या, आणि त्यांचा स्वतःचा भात निवून गेला. दुसऱ्या रविवारीं माझी व पुतण्याची पाळी होती. आमची कढी फुटली. ती सर्वांनीं निमूटपणें खाल्ली, हें कुटुंबाच्या ऐक्याचें लक्षणच म्हणावयाचें. तिसऱ्या रविवारीं मुलाला कामावरून बोलावणें आलें आणि एक खुर्ची रिकामी राहिली. चौथ्या रविवारीं मात्र नऊ जण बसलों. गप्पा विशेष झाल्या नाहींत. पुतण्याच्या परीक्षेचा विषय निघाला आणि त्यावरून थोडें वाजलेंहि. तें मिटेपर्यंत कोणाला उठतां आलें नाहीं, हा नियमाचा एक अनपेक्षित लाभ.

जेवण संपत आलें तेव्हां काकूंनीं आपलें ताट किंचित् पुढें सरकविलें आणि मला म्हणाल्या, “थोडा ताकभात वाढ रे.” मीं वाढला. काकूंच्या हातचें मी साठ वर्षें जेवत आलों आहें. त्यांनीं माझ्याकडे कांहीं मागून घेतल्याचें मला दुसरें उदाहरण आठवत नाहीं.

कुटुंबें अजून एकत्र जेवतात काय, हा प्रश्न सध्यां सर्वत्र विचारला जातो. आमचें वाचकांना सांगणें इतकेंच कीं, त्याचें उत्तर देण्यापूर्वीं बसलेल्यांचीं डोकीं मोजूं नका, उभे असलेल्यांचीं मोजा. आठवड्याचा एक वार ठरवा. तो रविवारच असला पाहिजे असें नाहीं. चार पदार्थांऐवजीं दोन करा, अन्न थोडें निवलेलें चालवून घ्या, आणि ज्यांनीं तें केलें त्यांचें ताट प्रथम मांडा. परक्या मुलाला ज्या घरांनीं एके काळीं हौसेनें वार दिला, त्यांना घरच्या माणसांसाठीं एक वार काढणें जड जाऊं नये.