नोट्सचं घर बदलताना: शिल्लक पुढे ओढा, अख्खी वही नको



मोबाईलमधल्या नोट्स एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये न्यायची वेळ आली की आपल्यापैकी बऱ्याच जणी ते काम मुलावर, सुनेवर नाहीतर नातवावर सोपवतात. "तू करून दे रे बाबा, मला त्यातलं काही कळत नाही." माझं मत स्पष्ट आहे. हे काम आपलं आपणच करावं. बटणं कुठली दाबायची एवढं मुलांना जरूर विचारावं, पण तो भाग एक आण्याचा. उरलेल्या पंधरा आण्यांत घर चालवणाऱ्या बाईची समज लागते. कुठली नोट ठेवायची, कुठली सोडायची, हे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला कसं कळणार?

आपल्या नोट्समध्ये काय काय असतं ते जरा आठवा. मुगवड्यांचं प्रमाण. कांदा-लसूण न घालता चविष्ट होणारी सांबारवडी, आणि शेजारी खूण की चातुर्मासात आपल्याकडे सांबार बंद. दशलक्षणात कुणी किती उपवास केले, पारण्याला काय केलं. महिला मंडळाची वर्गणी कुणाची आली, कुणाची राहिली. कुणाच्या लग्नात किती आहेर केला. आणि याच सगळ्यात कुठेतरी एक ओळ असते: अमुक गोळीने ह्यांच्या अंगावर पुरळ उठलं होतं, ती पुन्हा द्यायची नाही.

ही शेवटची ओळ हरवली तर काय होईल, विचार करा. रात्री-बेरात्री पेशंटला भद्रावतीहून चंद्रपूरला नाहीतर नागपूरला हलवायची वेळ येते. डॉक्टर विचारतात, "कुठली औषधं चालू आहेत? कशाची ॲलर्जी?" घरातले सगळे आपल्याकडे बघतात. ती माहिती आपल्याला मिनिटभरात सापडायला हवी. ॲप बदलण्याचा विषय पोरखेळ नाही, तो यासाठी.

आता कुणी म्हणेल, बदलायचंच कशाला? चालू आहे ते चालू द्या. मलाही विनाकारण ॲप बदलत राहणं पसंत नाही. रंग छान दिसतो, शेजारणीकडे आहे, म्हणून बदलू नये. पण पुष्कळदा आपली इच्छा नसली तरी बदलावं लागतं. गूगलची 'गूगल नोटबुक' नावाची सोय होती, ती २०१२ मध्ये बंद झाली आणि त्यातला मजकूर गूगल डॉक्समध्ये नेला गेला. 'गूगल कीप' आलं ते त्यानंतर, २०१३ मध्ये. एव्हरनोट हे २००८ पासूनचं नावाजलेलं ॲप. ते इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीने विकत घेतलं आणि डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना ५० नोट्स आणि एकच वही अशी मर्यादा आली. ज्यांच्याकडे त्याहून जास्त नोट्स होत्या त्यांना त्या दिसत होत्या, बाहेरही काढता येत होत्या, पण नवी नोट लिहायला जागा उरली नाही.

यात रागावण्यासारखं काही नाही. आपल्या भद्रावतीत आयुध निर्माणीच्या आणि कोळसा खाणींच्या क्वार्टरमध्ये संसार केलेल्या मैत्रिणी पुष्कळ आहेत. त्यांना हे वेगळं समजवायला नको. क्वार्टर आपलं नसतं, सामान आपलं असतं. बदलीचा कागद आला की सामान उचलता आलं पाहिजे. ॲप म्हणजे क्वार्टर आणि नोट्स म्हणजे सामान.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण हिशेबाची सवय सुटली नाही. वर्ष संपलं की जुनी खतावणी बंद होते आणि नवी उघडते. तेव्हा मुनीम जुन्या वहीतली प्रत्येक ओळ नव्या वहीत उतरवत बसतो का? नाही. तो खात्यांची तेरीज जुळवतो, प्रत्येक खात्याची शिल्लक काढतो, तेवढीच नव्या वहीत पुढे ओढतो आणि जुनी वही कापडात बांधून फडताळात ठेवतो. फेकत नाही. नोट्सचंही असंच करावं, असं माझं म्हणणं आहे. मी स्वतः तसंच केलं.

पहिलं काम, जुनी वही पूर्णच्या पूर्ण बाहेर काढून ठेवणं. कीप वापरत असाल तर 'गूगल टेकआउट' नावाचं पान उघडायचं, सगळ्यावरच्या खुणा काढून फक्त कीपवर खूण ठेवायची. थोड्या वेळाने ई-मेलवर दुवा येतो, तिथून एक झिप फाइल उतरवून घेता येते. दुवा साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून "बघू नंतर" म्हणायचं नाही. त्या फाइलमध्ये प्रत्येक नोट अशाही रूपात असते की ब्राउझरमध्ये उघडून सरळ वाचता येते. एव्हरनोटच्या संगणकावरच्या ॲपमधून 'एनेक्स' प्रकारची फाइल निघते. ती ॲपलचं नोट्स आणि जोप्लिन ही ॲप आत घेतात. ऑब्सिडियनमध्येही इम्पोर्टर जोडून ती घेता येते. आणि ज्या मैत्रिणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून ठेवतात, त्यांनी त्या चॅटमध्ये 'एक्सपोर्ट चॅट' करावं. साध्या मजकुराची फाइल मिळते. बाहेर काढलेलं हे गाठोडं संगणकावर एका ठिकाणी आणि पेनड्राइव्हवर दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

दुसरं काम तेरीज. माझ्या जुन्या ॲपमध्ये ४१२ नोट्स होत्या. बाहेर काढलेल्याही ४१२ भरल्या का, ते आधी मोजलं. मग दहा नोट्स उघडून शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. नुसता आकडा जुळून भागत नाही. नोटला लावलेला फोटो आला का, टिकमार्कच्या यादीतल्या खुणा राहिल्या का, हे पाहावं लागतं. आठवण करून देणारी घंटा सहसा सोबत येत नाही, ती नवीन लावावी लागते. आणि तारखेकडे फार लक्ष द्या. काही वेळा नवीन ॲपमध्ये सगळ्या नोट्सवर आणल्याच दिवसाची तारीख पडते. मग सासूबाईंची शुगर कधी किती होती, हे कसं कळणार? म्हणून माझा नियम असा की तारीख नोटच्या पहिल्या ओळीत आपल्या हाताने लिहायची. ॲपच्या तारखेवर विसंबायचं नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. साध्या मजकुराची फाइल संगणकावर साठवताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा, नाहीतर पुढे उघडताना अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसू शकतात. मंडळाचे जुने अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले असतील तर ते तसेच चिकटवून उपयोग नाही. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फाँट नसला की नुसती गिचमिड दिसते. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचे आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालायची.

तिसरं काम सगळ्यात अवघड, आणि तेच मुलांना जमणार नाही. शिल्लक पुढे ओढणं. ४१२ मधल्या मी ९६ नोट्स नव्या ॲपमध्ये नेल्या. भाजीच्या जुन्या याद्या, होऊन गेलेल्या लग्नाची पाहुणेमंडळी, तीन ठिकाणी लिहिलेली एकच खाकऱ्याची कृती, कुणीतरी पाठवलेले सुविचार, हे सगळं जुन्या गाठोड्यात राहिलं. अपरिग्रह आपण साड्या-भांड्यांपुरता समजतो. न वाचलेल्या शेकडो नोट्सही परिग्रहच. त्या जागा अडवतात, आणि वेळेला हवी ती नोट त्यांच्याखाली दबून जाते.

निवडताना मी प्रत्येक नोटला एकच प्रश्न विचारला: येत्या वर्षभरात हिची गरज कुणाला पडेल? औषधं, ॲलर्जी, कृती, वर्गणीची बाकी, नियम आणि तिथी, कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते, या गोष्टी पुढे आल्या. बँकेचा पिन आणि पासवर्ड मात्र पुढे आणायचेच नाहीत. बाहेर काढलेल्या फाइलला बहुधा कुलूप नसतं, जिच्या हाती पडेल तिला सगळं वाचता येतं. म्हणून गाठोडं बांधायच्या आधीच ते पुसून टाका.

नवीन ॲप कुठलं घ्यावं, हे विचाराल. फोनवरच लिहीत असाल तर कीप पुरतं. आयफोन असेल तर ॲपलचं नोट्स आहेच. संगणकावर बसायची सवय असेल तर जोप्लिन किंवा ऑब्सिडियन पाहा. पण माझ्या लेखी नावापेक्षा महत्त्वाची एक परीक्षा आहे. आत शिरायच्या आधी बाहेरचं दार बघा. नव्या ॲपमध्ये पाचच नोट्स लिहा. एकीत फोटो घाला, एकीत यादी करा, एकीत 'पुऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द लिहा. मग त्या पाचही बाहेर काढून दुसरीकडे उघडून पाहा. नीट आल्या तर तिथे संसार थाटा. बाहेर काढायची वाटच सापडत नसेल, तर ते ॲप कितीही देखणं असलं तरी आपल्या कामाचं नाही.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा वहीच काय वाईट?" असं एक मैत्रीण म्हणाली. वही अजिबात वाईट नाही. औषधांचं पान आणि महत्त्वाचे फोन नंबर मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेच आहेत. पण वही एकाच जागी असते. तिला वाळवी लागते, पावसाळ्यात ओल येते, आणि माहेरी गेलं की ती सासरी राहते. दोन्ही असावं. मुख्य म्हणजे कुठलीही महत्त्वाची नोंद एकाच ठिकाणी नसावी.

हे आपल्याला आपल्याच इतिहासाने शिकवलं आहे. षट्खंडागमावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती कित्येक शतकं कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या. लिपी जुनी कन्नड. लोकांना फक्त दर्शन घडे, वाचन नाही. १८९६ च्या सुमारास नकला करण्याचं काम सुरू झालं, त्यासाठी आपल्या सोलापूरच्या मंडळींनीही पुढाकार घेतला होता. नकला करणाऱ्या गजपती शास्त्रींनी आणखी एक प्रत गुपचूप तयार केली आणि त्यात मोठा हात त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा होता. ग्रंथ लोकांनी वाचावा ही त्यांची तळमळ. ती प्रत बाहेर पडली, सहारनपूरला पोचली, नागरी लिपीत आली. आणि १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड छापून निघाला, तो आपल्या विदर्भातल्या अमरावतीहून. माझी मुगवड्यांची नोट आणि धवला यांची बरोबरी मी करत नाही. पण एका घरातून दुसऱ्या घरात, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेणारं कुणीतरी असलं तरच लिहिलेलं टिकतं. त्या कामात एक बाई होती, हे आपण विसरू नये.

म्हणून मुलांकडून बटणं शिकून घ्या, पण निवड आणि किल्ली आपल्या हातात ठेवा. आणि आपल्या पश्चात गाठोडं कुठे आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.

दिवाळीला वीर निर्वाण संवत बदलतो, दुकानांतून नव्या वह्यांचं पूजन होतं. त्याच आठवड्यात दरवर्षी एक दुपार नोट्ससाठी काढा. सगळ्या बाहेर काढा, मोजा, दहा उघडून वाचा, पेनड्राइव्ह बदला. ॲप बदलायचं नसलं तरी करा. म्हणजे बदलीचा कागद कधीही आला, तरी आपलं सामान बांधलेलं असेल.